शंभरात चौतीस

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. ती अर्पणपत्रिका वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नव्हती. ज्या यादवी युद्धानं तिकडची गुलामी संपवली, त्याच युद्धानं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आणला. म्हणून ऐन हंगामात खामगावला एका जिनिंगमध्ये गेलो.

गेटावर वजन, ओलाव्याची तपासणी, मग ढीग. खरं काम आत. डबल रोलर यंत्रांच्या रांगेत मी एकापाशी वाकून पाहत राहिलो. चामड्याचा रूळ फिरतो, तंतू त्याला धरून पात्याखालून ओढला जातो. सरकीला त्या फटीतून वाट नाही; हलतं पातं तिला ठोसे देऊन खाली पाडतं. “शंभरात चौतीस,” फिटर यंत्राच्या आवाजावर ओरडून म्हणाला. क्विंटलभर कापसातून चौतीस किलो रुई, उरलेली सरकी आणि थोडी घट.

या रुळाची युक्ती अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थीची, १८४० ची. त्याआधी १७९४ मध्ये एली व्हिटनीनं जिनचं पेटंट घेतलं होतं. सरकी काढणं सोपं झालं तसा दक्षिणेत कापसाचा पेरा वाढला, आणि पेऱ्याबरोबर माणसांची खरेदी-विक्रीही. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख. कापूस हाच राजा, त्याच्याशी लढायची कुणाची छाती नाही, असं दक्षिण कॅरोलिनाच्या हॅमंडनं १८५८ साली सिनेटमध्ये छातीठोकपणे सांगितलं. शंभरात चौतीसचा हिशेब करणाऱ्यांना कापूस वेचणारी माणसं त्या हिशेबात दिसलीच नाहीत.

रुईच्या ढिगाशी एक मावशी बसल्या होत्या. पाला, कवडी, पिवळी पडलेली रुई वेचून बाजूला टाकत होत्या. नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला, तरी पापण्यांवर तंतू साचलेले. या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात, हे वैद्यकशास्त्राला केव्हाच माहीत झालंय. पण त्यांच्याकडे मास्क नव्हता. सरकीचा तो कोमट, तेलकट वास घशात बसला की पाणी पिऊनही उतरत नाही. मी तासाभरातच बाहेर आलो, त्या दिवसभर तिथंच होत्या.

तिकडे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मँचेस्टरच्या कामगारांनी तशाही हालात १८६२ च्या अखेरीस लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. त्यांचं मोठेपण मला फार वाटतं. व्यापाऱ्यांनी मात्र नजर इकडे वळवली. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. तरी साहेबाला वऱ्हाड सोडवेना. अमेरिकेवर न विसंबण्याचा धडा त्याला मिळाला होता. जलंब ते खामगाव, रेल्वेचा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा. त्याचं उद्घाटन करायला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. गावोगावची रुई बंदराकडे निघाली. भाव लिव्हरपूलला ठरू लागला, आणि तो पडला की फटका इथल्या कुणब्याला बसू लागला. खामगावची ही भरभराट कौतुकानं सांगितली जाते. मला त्या कौतुकात सहभागी होता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मावशींना यातलं थोडं सांगितलं. गुलामांच्या बाजाराचं ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. मग विचारलं, “तिकडं आता कोन येचते कापूस?”

यंत्रं वेचतात, म्हटलं.

“मंग येचनाऱ्या बाया कुठी गेल्या?”

शिकागो, डेट्रॉइट, मोठ्या शहरांत.

“आमच्याबी गावची पोरं पुन्याले गेली,” त्या म्हणाल्या. “येचाले आमीच आहो.”