पडद्यावरची मोटार आणि तिचे साल



मोटारगाडी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. मी महाविद्यालयाची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेले आणि यंत्रांविषयी जे काही शिकलो, ते यंत्रे घडवणाऱ्यांकडूनच. मोटारीच्या कारखान्यात पत्र्याचे काम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी एकदा दूरचित्रवाणीवर जुन्या काळाची मालिका चालू होती. गाडी दिसताच ते म्हणाले, "गोष्ट बेचाळीसची आणि गाडी माझ्या हातची! मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो." त्यांनी गाडी कशी ओळखली, तेच आज सांगावयाचे आहे.

गाडीचे साल ओळखण्याच्या खुणा मुख्यतः तीन: तोंडवळा, काच आणि नंबराची पाटी. तोंडवळा म्हणजे दिवे, मडगार्डे आणि पुढची जाळी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची मडगार्डे बॉनेटपासून वेगळी उठून दिसतात, दिवे सुटे बसवलेले असतात आणि दाराखाली पाय ठेवण्यास लांब पायरी असते. युद्धानंतर हे सारे हळूहळू एका अंगात मुरले. मडगार्ड आणि बॉनेट सलग झाले, पायरी गेली.

काचेचे उदाहरण मॉरिस मायनरचे घ्या. ही गाडी १९४८ साली आली. तिची पुढची काच मध्ये दांडी असलेली, दोन तुकड्यांची होती. १९५६ साली तिच्या जागी अखंड, वक्र काच आली. म्हणजे १९५० च्या कथेत अखंड काचेची मायनर दिसली, तर चूक झालीच म्हणून समजा. फोर्ड अँग्लियाची खूण तर लहान मुलासही सांगता येईल. १९५९ साली आलेल्या अँग्लियाची मागची काच उलटी, आतल्या बाजूस कललेली आहे. 'हार्टबीट' या यॉर्कशरमधील पोलिसांच्या इंग्रजी मालिकेत ती दिसते. मालिकेचा काळ १९६० नंतरचा असल्याने तेथे ती शोभते.

नंबराची पाटीही बोलते. इंग्लंडात १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी सालाचे अक्षर येऊ लागले आणि १९६५ पासून ते सर्वत्र सक्तीचे झाले. शेवटी 'सी' असेल तर गाडी १९६५ ची. पुढे पांढरी आणि मागे पिवळी, अशी चकाकणारी पाटी नव्या गाड्यांना १९७३ पासून सक्तीची झाली. आपल्याकडे 'एमएच ११' म्हणजे सातारा, हे शाळकरी पोरही जाणते. परंतु ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. मात्र पाटी चार स्क्रूंनी बदलता येते. म्हणून पाटीपेक्षा पत्र्यावर अधिक विश्वास ठेवावा.

आता आपल्या घरची गोष्ट. ज्या गाडीला आपण अस्सल देशी समजतो, ती अँबॅसडर मूळची इंग्रज. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे होणारी मॉरिस ऑक्सफर्ड हिंदुस्थान मोटर्सने येथे आणली. तिच्या एका नमुन्यावरून १९५४ साली लँडमास्टर झाली आणि पुढच्या नमुन्यावरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अँबॅसडर. लँडमास्टरची पाठ साधी गोल. अँबॅसडरच्या मागच्या कोपऱ्यांना किंचित उभार. इंग्लंडात तो नमुना १९५९ मध्ये बंद पडला. बंगालमधील उत्तरपाड्याच्या कामगारांनी तो २०१४ पर्यंत चालवला. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे मूळही इंग्रजच. परंतु इंग्लंडातील तिच्या बंद टपाच्या गाडीला दोन दारे होती. चार दारांची हेराल्ड दिसली की ती आपल्याकडची. कुर्ल्याची फियाट मात्र या कुळातली नव्हे. तिचे माहेर इटली.

यातून मुद्दा निघतो तो असा. १९४३ ते १९४६ या काळात आपल्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्यावरील एखाद्या नाटकात किंवा मालिकेत गोरा साहेब अँबॅसडरमधून उतरला, तर तो किमान दहा-बारा वर्षे पुढच्या गाडीतून उतरला! त्याच्यासाठी युद्धापूर्वीची मॉरिस किंवा ऑस्टिन हवी. अमेरिकन गाडीही चालेल, कारण जनरल मोटर्सने १९२८ पासूनच मुंबईत गाड्यांची जोडणी सुरू केली होती.

कोणी म्हणेल, जुनी गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडे परवडत नाही. एवढ्याने काय बिघडते? अडचण खरी आहे. निर्मात्यावर खटला भरा, असे मी म्हणत नाही. परंतु तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. उद्या नातवंडांना बेचाळीस साल कळेल ते पडद्यावरूनच. गाडी चुकली तर वेश चुकला असेल, वेश चुकला तर घटनाही चुकली असेल, ही शंका घेण्याची सवय प्रेक्षकाला हवी. गाडी नसेल तर साहेबाला घोड्यावरून आणावे, नाहीतर आपल्या स्टेशनावर आगगाडीतून उतरवावे. इतिहास तेवढा तरी वाचेल.

मोटार ही कोणाच्या तरी श्रमाची तारीख असते. काउलीच्या आणि उत्तरपाड्याच्या कामगारांनी आपली सही कागदावर केली नाही, पत्र्यावर केली. ती वाचावयास पदवी लागत नाही, डोळे उघडे लागतात. आज घरी गेल्यावर एखाद्या मालिकेत जुनी मोटार दिसलीच, तर प्रथम तिची मडगार्डे, मग काच आणि शेवटी पाटी पाहा.