लग्न जुळतं कसं, जात टिकते कशी

रविवारच्या पेपरातलं 'वधू-वर पाहिजेत'चं पान समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नेमावं, असं मला मनापासून वाटतं. पोटजात, उंची, पगार, स्वतःचा फ्लॅट, पत्रिका. प्रत्येक जाहिरात एकेका घराची, पण शंभर सलग वाचल्या की सगळ्यांच्या अपेक्षा एकाच साच्यातल्या निघतात. हा साचा कुणा एकानं केलेला नाही. मोडायला गेलं की मात्र तो टोचतो: आई अन्न सोडते, काका बोलणं टाकतात, भावकी लग्नाला फिरकत नाही. माणसाच्या बाहेर असलेल्या आणि त्याच्यावर दाब आणणाऱ्या अशा गोष्टींना एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये 'सामाजिक तथ्य' म्हटलं. समाजशास्त्र समजून घ्यायला ही कल्पना आधी पक्की हवी.

मग पुढचा प्रश्न: साचा टिकतो कसा? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. तोही एका विद्यार्थ्यानंच लिहिलेला आहे. विटाळ, धंदा, वंश ही कारणं बाजूला सारून त्यांनी नेमकं बोट ठेवलं ते जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नावर. गटात स्त्री-पुरुष साधारण सारखे असतात. नवरा वारला की बाई 'जास्तीची' ठरते: ती गटाबाहेर लग्न करील, नाहीतर गटातल्या एखाद्या मुलीच्या वाट्याचा वर घेईल. म्हणून सती, नाहीतर सक्तीचं वैधव्य. बायको वारलेला पुरुष मात्र गटाला हवाच असतो. त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी, म्हणजे बालविवाह. या रूढींचे गोडवे पुष्कळ गायले गेले. आंबेडकरांचं म्हणणं, ते त्या टिकवण्यासाठी.

दुष्ट सासू किंवा कर्मठ बाप शोधून हे कोडं सुटत नाही. आज सती नाही, विधवेचं लग्न होतं, मुलं-मुली एकाच लोकलनं कॉलेजला जातात. तरी २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास होते. जुने पहारेकरी गेले, तर कुंपण आता कोण राखतंय? शेतजमिनीचा वाटा, हुंडा, नोकरीसाठी लागणारी ओळख, म्हातारपणीचा आधार? वर्गातल्या प्रत्येकानं स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं मांडून हे तपासायला घ्यावं.