रेचक लांबवा
(श्वासाची सकाळ : लेखांक ४)

गेल्या आठवड्यात बैठक जमवली. आता नाकाकडे वळू.

‘प्राणायाम केला की भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे बागेतल्या योगवर्गात हमखास ऐकू येतं. ते फारसं खरं नाही. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन एरवीच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेलं असतं, मग आणखी भरणार कुठे? कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने एवढं तरी शिकवलंच. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योग प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद यांनीही प्राणायामाचं मोल ऑक्सिजनवर ठरवलं नाही.

मग फायदा कशाचा? संथपणाचा. साधा हिशेब मांडू. दर श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासमार्गातच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला १५ वेळा अर्धा-अर्धा लिटर हवा घेतली, तर साडेसात लिटरपैकी सव्वादोन लिटर फुकट जाते. तेवढीच हवा सहा श्वासांत घेतली, तर फुकट जाते फक्त ०.९ लिटर. म्हणजे हवा तेवढीच, पण काम जास्त.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हृदयाची. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात, कारण तेव्हा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. उच्छ्वास लांबवला की हा लगाम जास्त वेळ ओढलेला राहतो. म्हणून पूरकापेक्षा, म्हणजे श्वास घेण्यापेक्षा, रेचक, म्हणजे श्वास सोडणं, मोठा ठेवायचा.

उद्या सकाळी शौच-मुखमार्जन उरकून, रिकाम्या पोटी बसा. (चहा थांबेल. न थांबल्यास अर्धा कप प्या, पण वर्तमानपत्र उघडू नका.) उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे मिटा. अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने चार मोजेपर्यंत श्वास घ्या. मग अनामिका-करंगळीने डावी बंद करा, अंगठा उचला आणि उजवीने सहा मोजेपर्यंत सोडा. आता उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. अशी पाच-सहा पुरेत. बोटं नुसती टेकवायची. नाक चिमटीत धरून वाकडं करणारे बरेच दिसतात, त्याने काही साधत नाही. एक नाकपुडी चोंदलेली वाटली तरी घाबरू नका, दोन्ही नाकपुड्या दिवसभर आलटून पालटून कमी-जास्त मोकळ्या होतच असतात. सर्दीच असेल तर मात्र त्या दिवशी सुट्टी घ्या.

श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, इतक्यात नको. पूरक, कुंभक, रेचक यांचं १:४:२ हे परंपरेतलं प्रमाण पुस्तकात वाचून पहिल्याच आठवड्यात करू पाहणारे उत्साही असतात. त्यांचा रेचक धापेसारखा बाहेर पडतो आणि सगळी मेहनत वाया जाते. उच्च रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कुंभक व कपालभाती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

भराभर श्वास घेऊन डोकं हलकं झालं, की ‘ऊर्जा वर चढली’ असं कोणी सांगेल. प्रत्यक्षात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. अशा वेळी थांबायचं, नेहमीसारखा श्वास चालू द्यायचा.

पुढच्या आठवड्यात भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.