चूक सांगा, पण हसू नका!

कॅन्टीनमध्ये उत्तर भारतातून आलेला एखादा मित्र उत्साहाने मराठीत म्हणतो, ‘अरे, माझी पुस्तक दे ना!’ आणि अख्खा ग्रुप खो खो हसतो. पुढच्या वेळी तो पुस्तक हिंदीतूनच मागतो. झालं, मराठी बोलू पाहणारा एक जण आपण हसत हसत घालवला!

खरं तर त्याची चूक एकदम लॉजिकल आहे. हिंदीत लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाहीच. तिथे ‘किताब’ही स्त्रीलिंगी आणि ‘पुस्तक’ही. तोच नियम त्याने इकडे लावला. ‘आपण’ आणि ‘आम्ही’चंही तसंच. हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’, म्हणून तो ‘चल, आम्ही जाऊया’ म्हणतो. घरातलं छोटं पिल्लूही ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं ना? ‘बसलं’, ‘पडलं’वरून त्याने नियम स्वतःच शोधलेला असतो. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या डोक्यात भाषा कुठवर तयार झालीये याचा पुरावा, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं.

मग चूक सांगायचीच नाही का? सांगायची! पण कशी, ते महत्त्वाचं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवरचा लिस्टर आणि रांटा यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक बहुतेकदा मुलाचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणायचे. पण मुलं अनेकदा ते पकडायचीच नाहीत. ‘काय म्हणालास?’ असं विचारलं किंवा हिंट दिली, की जास्त वेळा ती स्वतःच सुधारायची.

आणि हो, ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणणाऱ्या रूममेटला तर सुधारायचा प्रश्नच नाही. ती त्याच्या घरची बोली आहे, चूक नव्हे. पेपरात प्रमाण मराठी लिहायची, हे त्यालाही ठाऊक असतं. पण लोक हसतील म्हणून तो सेमिनारमध्ये तोंडच उघडत नसेल, तर त्याच्याकडचं ज्ञान आपल्याला मिळणार कसं? शिवाय प्रमाण तरी कुठे कायम असतं? ‘नांव’, ‘कांहीं’वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी गेले. आधी ते न देणं चूक होती, नंतर देणं चूक झाली!

तर मंडळी, समोरच्याचं बोलणं आधी पूर्ण होऊ द्या. एका वेळी एकच चूक सांगा, तीही चारचौघांत नको. ‘झाड... तो की ते?’ एवढंच विचारा आणि दोन सेकंद थांबा. बरोबर उत्तर त्याचं त्यालाच सापडू द्या.