मशीद, मंदिर, संग्रहालय : रूप पालटलेल्या वास्तू पाहताना

रायपूर : नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत छत्तीसगडमध्ये आलेली आणि पुढे रायपूर-बिलासपूर परिसरात स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे वेरूळ-घृष्णेश्वराच्या यात्रेला निघाली की वाटेत दौलताबादचा किल्लाही पाहून घेतात. किल्ल्याच्या महाकोटातून आत शिरल्यावर, चांदमिनार आणि हत्ती हौदाच्या परिसरातच ‘भारतमाता मंदिर’ लागते. पर्यटक हात जोडतात, छायाचित्र काढतात आणि डोंगराची चढण बाकी असल्याने लगबगीने पुढे निघतात. आपण नेमके कोणत्या वास्तूत उभे होतो, हा प्रश्न बहुधा मनात येतच नाही.

समोर प्रशस्त चौकोनी अंगण, त्याच्या पश्चिम टोकाला स्तंभांच्या रांगांवर तोललेले दालन, अशी या वास्तूची रचना आहे. ही रचना देवळाची नाही. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन मुबारक खिलजी याने १३१८ मध्ये येथे जामा मशीद उभारली. दख्खनमध्ये आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिची गणना होते. दालनातील शंभराहून अधिक स्तंभांपैकी अनेक यादवकालीन हिंदू व जैन मंदिरांतून आणलेले आहेत. स्तंभांची घडण एका हातची नाही आणि नक्षीही एकसारखी नाही, हे थोडे थांबून पाहिले तरी लक्षात येते. म्हणजे आधी मंदिरांचे दगड, मग मशीद, आणि त्यानंतर पुन्हा मंदिर, अशा तीन अवस्था एकाच छताखाली दिसतात.

पहिल्या अवस्थेमागे देवगिरीच्या पाडावाचा इतिहास आहे. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस ही राजधानी वसवली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने तिच्यावर पहिला हल्ला केला. पुढे काही वर्षे यादव दिल्लीचे मांडलिक म्हणून टिकले. हरपालदेवाने केलेले बंड मोडून मुबारक खिलजीने यादवांची सत्ता कायमची संपवली आणि त्याच सुमारास ही मशीद उभी राहिली. जिंकलेल्या राजधानीत नव्या सत्तेची खूण उभी करणे हा तिचा उघड हेतू होता. घडवलेला दगड जवळच तयार मिळत होता, ही व्यावहारिक सोयही त्यात होतीच. मशिदीचे राजकीय महत्त्व पुढेही टिकले. १३४७ मध्ये दिल्लीविरुद्ध उठलेल्या दख्खनच्या सरदारांनी हसन गंगू याला सुलतान म्हणून निवडले, तेव्हा त्याचा राज्याभिषेक याच मशिदीत झाला आणि बहमनी राज्य अस्तित्वात आले.

दुसरे स्थित्यंतर आजच्या आजी-आजोबांच्या पिढीतले आहे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, तो त्याच घटनेच्या स्मरणार्थ. त्या घडामोडींनंतर या दालनात भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली आणि वास्तू त्या नावाने ओळखली जाऊ लागली. मशीद बांधली गेली तेव्हापासून या बदलापर्यंत सुमारे ६३० वर्षे लोटली होती.

येथे स्थापत्याची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. भारतातील मशिदींत नमाजाची दिशा पश्चिमेची असते. म्हणून मुख्य दालन अंगणाच्या पश्चिमेला येते आणि प्रवेश पूर्वेकडून होतो. मूर्ती त्याच दालनात अंगणाकडे तोंड करून ठेवली की ती आपोआप पूर्वाभिमुख होते, आणि हिंदू मंदिरांनाही हीच दिशा अधिक मानवते. परिणामी वास्तूचा उपयोग बदलला, तरी तिच्या मांडणीत काहीच मोडावे लागले नाही. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे तसे झाले नाही.

रूप पालटलेल्या वास्तूंची चर्चा जगात कोठेही निघाली की हागिया सोफियाचे नाव प्रथम येते. बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेने ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच-सहा वर्षांत हे चर्च बांधले गेले. त्याचा घुमट सुमारे ३१ मीटर रुंद असून जमिनीपासून ५५ मीटरांवर आहे. मूळ घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि ५६२ पर्यंत अधिक उंच करून पुन्हा उभारण्यात आला. नऊशेहून अधिक वर्षे ते चर्च राहिले. १४५३ मध्ये दुसऱ्या मेहमदाने शहर जिंकल्यावर ते मशीद झाले. काळाच्या ओघात मानवाकृती असलेली मोझेक चित्रे गिलाव्याखाली गेली. चर्चचे पूर्वेकडील टोक उगवतीच्या रोखाने होते, तर मक्का त्याहून किंचित दक्षिणेला. त्यामुळे मेहराब चर्चच्या मध्यरेषेवर न बसवता थोडा उजवीकडे सरकवून बसवावा लागला आणि नमाजाच्या रांगाही इमारतीच्या अक्षाला तिरप्या धरल्या जातात. वरच्या सज्जात गेलेल्या माणसाला हा तिरकसपणा चटकन दिसतो.

नोव्हेंबर १९३४ मध्ये तुर्कियेच्या मंत्रिमंडळाने या वास्तूचे संग्रहालय करण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. अमेरिकी अभ्यासक थॉमस व्हिटमोर यांच्या पथकाने १९३१ पासूनच मोझेकवरील गिलावा काढण्यास आरंभ केला होता. त्यानंतर सुमारे ८५ वर्षे प्रेक्षकाला एकाच तिकिटात सर्व काही पाहता येत असे. घुमटाखालचे मुख्य दालन, अर्धघुमटातील मेरी आणि बाल येशू, तसेच एकोणिसाव्या शतकातील साडेसात मीटर व्यासाचे सुलेखनाचे गोल फलक, सर्व एकाच नजरेत येत. संग्रहालयाला कोणाच्याही श्रद्धेची बाजू घ्यावी लागत नसल्याने कशावरही पडदा टाकावा लागत नव्हता.

१० जुलै २०२० रोजी तुर्कियेच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने १९३४ चा निर्णय रद्द केला. मेहमदाच्या वक्फनाम्यात ही मिळकत मशीद म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिचा अन्य उपयोग करता येत नाही, हा त्या निकालाचा आधार होता. २४ जुलै रोजी तेथे पुन्हा नमाज झाला. प्रारंभी पर्यटकांनाही तळमजल्यावर मोफत प्रवेश होता आणि गर्दी अनावर होत असे. १५ जानेवारी २०२४ पासून व्यवस्था बदलली. परदेशी पर्यटकांसाठी वेगळा प्रवेश व २५ युरोचे तिकीट आले आणि त्यांचे दर्शन वरच्या सज्जापुरते राहिले. तळमजला आता केवळ उपासकांसाठी आहे. महिलांना डोके झाकावे लागते आणि नमाजाच्या वेळी मेहराबाच्या बाजूची मानवाकृती चित्रे पडद्याआड जातात. २०२५ पासून घुमटाच्या मजबुतीचे मोठे काम हाती घेतल्याने आतील काही दृश्य परातीआड गेले आहे, हेही प्रवाशाने गृहीत धरावे.

या नव्या व्यवस्थेत गमावले बरेच, हे खरे. घुमटाच्या नेमके मध्याखाली उभे राहून वर पाहण्याचा अनुभव सज्जातून मिळत नाही. मात्र सज्जाला कमी लेखणेही योग्य नाही. येशू, मेरी व योहान यांचे तेराव्या शतकातील मोझेक, सम्राज्ञी झोई आणि तिचा पती यांचे चित्र, कठड्याच्या संगमरवरावर एका उत्तरयुरोपीय सैनिकाने कोरलेले आपले नाव, हे सारे वरच आहे. भारतातून जाणाऱ्यांना पूर्वतयारीशिवाय तिकिटाची किंमत खटकते. काय पाहायचे ते आधी ठाऊक असेल, तर ती तितकी खटकत नाही. अर्थात मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कियेने पाकिस्तानची बाजू घेतल्यानंतर अनेक भारतीय पर्यटकांनी तेथे जाणे टाळले, ही बाब वेगळी.

भारतात असा प्रश्न वेगळ्या कायद्याने हाताळला जातो. दौलताबादसह देशातील हजारो वास्तू प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ खाली येतात आणि त्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असते. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार, केंद्र शासनाच्या देखभालीतील संरक्षित स्मारक उपासनास्थळ असेल, तर त्याचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येत नाही. सर्वेक्षणाचे प्रचलित धोरणही सरळ आहे. संरक्षणाखाली येताना जेथे उपासना चालू होती तेथे ती चालू राहते आणि जेथे नव्हती तेथे नव्याने सुरू करू दिली जात नाही. २०२३ मध्ये एका संसदीय स्थायी समितीने धार्मिक महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांत पूजेस परवानगी देण्याची शक्यता तपासावी, असे सुचवले होते. ते धोरण किती संवेदनशील आहे, हे त्यावरून दिसते.

सर्वसामान्य समज असा आहे की अशा प्रत्येक वास्तूला उपासनास्थळे (विशेष तरतुदी) अधिनियम, १९९१ लागू होतो. तो पूर्णतः बरोबर नाही. उपासनास्थळाचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम राखावे, असे तो कायदा सांगतो. परंतु १९५८ च्या अधिनियमाखालील प्राचीन स्मारकांना त्याने स्वतःच्या कक्षेतून वगळले आहे. दौलताबादच्या दालनातील शेवटचा बदल त्या तारखेनंतरचा आहे. तरीही किल्ला संरक्षित स्मारक असल्याने तेथील निर्णयांचा विचार १९९१ च्या नव्हे, तर १९५८ च्या कायद्याच्या अंगाने करावा लागतो. १९९१ च्या कायद्याच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे असून, १२ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने या विषयावरील नवे दावे नोंदवण्यास अंतरिम मनाई केली.

तुर्कियेत न्यायालयाने साडेपाचशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज प्रमाण मानला. भारतात वास्तू संरक्षित ठरली त्या वेळची स्थिती प्रमाण मानली जाते. दोन्हींत एक विशिष्ट क्षण निवडून तोच वास्तूचा ‘खरा’ काळ मानला जातो, आणि त्यामुळे उरलेले थर पाहणाऱ्याच्या नजरेआड जाण्याचा धोका असतो. दौलताबादेत हे अधिक घडते. हागिया सोफियाच्या इतिहासावर ग्रंथांचे ढीग आहेत. १३१८ च्या मशिदीची माहिती मात्र तिच्या अंगणातून जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांपर्यंत पोहोचतच नाही.

असे थर पाहण्यासाठी रायपूरकरांना दूर जाण्याचीही गरज नाही. शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, महासमुंद जिल्ह्यात महानदीच्या काठी सिरपूर आहे. प्राचीन दक्षिण कोसलाची ही राजधानी. मराठी पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५० च्या दशकात येथे केलेल्या उत्खननात भिक्षू आनंदप्रभूचा बौद्ध विहार उजेडात आला. राणी वासटेने सातव्या शतकात उभारलेले विटांचे लक्ष्मण मंदिर सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथे तिकीट आहे, राखलेली हिरवळ आहे, पण नित्याची पूजा नाही. तेथून थोड्याच अंतरावर नदीकाठचे गंधेश्वर मंदिर मात्र नांदते आहे. रोजची पूजा होते आणि महाशिवरात्रीला गर्दी लोटते. हे मंदिर जुन्या देवळांच्या व विहारांच्या अवशेषांतून उभे राहिले असून, त्याच्या आवारात बुद्धमूर्तीही आहेत आणि भाविक त्यांनाही वंदन करतात.

सिरपूरला दुपारनंतर पोहोचणाऱ्यांनी आधी लक्ष्मण मंदिर पाहावे, कारण ते सूर्यास्ताला बंद होते. गंधेश्वराला त्यानंतर गेले तरी चालते. दौलताबादला मात्र क्रम उलटा ठेवणे सोयीचे. अंधारी भुयार आणि वरची बारादरी गाठून थकल्यावर खाली पुन्हा दालनाकडे कोणी वळत नाही. त्यामुळे चढणीआधीच अर्धा तास राखून, मूर्तीपुढे क्षणभर थांबून, मग शेजारचे खांब एकेक करून पाहत अंगणाच्या टोकापर्यंत चालत जावे.