आजोबांचे दोन प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मामांचा मोटारसायकलवरून अपघात झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मेंदू मृत झाला आहे. अवयवदानाचा विचार करा." आजोबांनी विचारले, "त्याची छाती तर हलतेय! आणि अवयव जाणार कुणाला, पैसेवाल्याला?" नीट उत्तर कुणीच दिले नाही. आजोबांनी नकार दिला. मीही गप्प उभा होतो, कारण मलाही काही माहीत नव्हते.

शाळेत परतल्यावर मी उत्तरे शोधली.

छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. मेंदू एकदा मृत झाला की माणूस परत येत नाही. 1994 च्या कायद्यानुसार हे एकटा डॉक्टर ठरवू शकत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात.

दुसरा प्रश्न वाटपाचा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय केंद्रे आहेत. तिथे रुग्णांची प्रतीक्षायादी असते. रक्तगट, किती दिवस डायलिसिस चालू आहे, अशा निकषांवर क्रम लागतो. अवयवांची खरेदी-विक्री केल्यास पाच ते दहा वर्षे तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड होतो. सैन्यदलांचीही दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलमध्ये अवयवदानासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे.

दाता आणि रुग्ण यांची नावे मात्र एकमेकांना सांगत नाहीत. मला हे आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखे वाटते. पेपर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही, पण गुण कसे द्यायचे हे ठरलेले असते. नावे झाकलेली आणि नियम उघडे, म्हणूनच निकालावर आपला विश्वास बसतो.

मी फोनवर आजोबांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कुणी असं समजावलं असतं, तर सही केली असती की नाही, सांगता येत नाही. पण विचार नक्की केला असता."

मित्रांनो, दानाची प्रतिज्ञा अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच करता येते. शिवाय प्रतिज्ञा केलेली असली, तरी त्या वेळी जवळच्या नातेवाइकांची संमती घेतातच. म्हणून घरी हा विषय आधीच बोलून ठेवा. रुग्णालयातल्या त्या घाईत नवे काही समजून घ्यायला फार उशीर झालेला असतो.