येवल्याच्या ललिताबाई

ललिता पवारांवर लिहायला बसलेला माणूस पहिल्या परिच्छेदातच त्यांच्या डाव्या डोळ्यापाशी पोचतो आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही. ‘जंग-ए-आझादी’च्या सेटवर भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहरा लुळा पडला, उपचारांत वर्षं गेली आणि नायिकेची खलनायिका झाली. एवढ्यात बाईंचं अख्खं आयुष्य गुंडाळणाऱ्या समीक्षकांशी माझं जुनं भांडण आहे. डोळा अधू झाला म्हणून कुणाला अभिनय येत नाही.

आमच्या कोपरगावातून मनमाडच्या रस्त्याला लागलं की जिल्ह्याची हद्द ओलांडताच येवलं लागतं. १८ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या लक्ष्मणराव शगुण यांच्या घरी अंबिका, म्हणजे पुढची ललिता, जन्मली. जिल्हा नाशिक असला तरी मला बाई कधी परमुलखातल्या वाटल्या नाहीत. मूकपटांत बालकलाकार, मग नायिका, ‘हिम्मत-ए-मर्दा’त स्टंट. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या, ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा बोलपट त्यांनीच काढला. हे सगळं थपडेच्या आधीचं.

प्रभातच्या ‘रामशास्त्री’त (१९४४) ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई त्यांनी केली. ती आरडाओरडा करत नाही, म्हणून तर तिची भीती वाटते. पुढे ‘दहेज’पासूनच्या छळवादी सासवा मोजत बसण्यात अर्थ नाही. त्यातल्या निम्म्या विसरल्या तरी काही बिघडत नाही.

यात्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत मधल्या कनातीपलीकडे बायका बसायच्या. ललिताबाई पडद्यावर आल्या की तिकडून कडाकडा बोटं मोडल्याचे आवाज यायचे. त्याच बायका ‘अनाडी’त (१९५९) मिसेस डिसा गेल्यावर पदराने डोळे पुसत होत्या. तोंडाने सतत करवादणारी आणि भाडेकरूवर पोटच्या पोरासारखी माया करणारी ही घरमालकीण. ‘श्री ४२०’ची केळेवाली तिचीच थोरली बहीण. डिसाबाईंसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं.

पण माझा जीव अडकला आहे तो ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२). लोक त्यात शम्मी कपूर आणि शंकर-जयकिशन बघतात. मी सीतादेवी बघतो. भाच्यांना करड्या धाकात ठेवणारी ही बाई म्हाताऱ्या मास्तराच्या वेशातल्या शम्मीवर भाळते. कपाळावरची आठी हळूहळू सुटते, आवाजातला खरखरीतपणा ओसरतो आणि आयुष्यभर कोंडलेली लाज चेहऱ्यावर येते. पटकथेने तिला हशासाठी ठेवलं आहे. बाईंनी मात्र तिची थट्टा होऊ दिलेली नाही. सोंग उघडं पडतं तेव्हा हसणारा प्रेक्षक वरमतो. हिंदी पडद्यावर प्रौढ स्त्रीच्या प्रेमाला इतकी इभ्रत त्या काळात कुणी दिली, हे मला दाखवून द्यावं.

१९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९८७ पासून ‘रामायण’ मालिकेतली घरोघरची मंथरा, १९९८च्या फेब्रुवारीत पुण्यात शेवट. हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

आजच्या मालिकांतली सासू भुवई उडवते, कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर आपटतो, ढोल वाजतात आणि तेवढ्यात तिचा अभिनय संपतो. मनात काय चाललं आहे ते दाखवायची वेळच तिच्यावर येत नाही. नगरच्या एकांकिका स्पर्धांत दरवर्षी गुणी मुली दिसतात, पण खाष्ट बाई करायची म्हटली की त्यासुद्धा पहिल्या वाक्यालाच आवाज टिपेला नेतात. त्यांच्या दिग्दर्शकांनी तालमीआधी त्यांना ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी ‘प्रोफेसर’.